स्थळाची टायरं

माणूस मेलं की लोक त्याला धुऊन-पुसून ठेवतात. शेवंताबाईचंही तसंच चाललंय. परवा कोणीतरी म्हणालं, फार मायाळू होती हो. मी ऐकून घेतलं आणि त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. ती मायाळू वगैरे काही नव्हती. तोंडाची फटकळ होती, हट्टी होती, आणि टायर विकताना निम्मं खोटं बोलायची. मी तिच्या शेजारी म्हातारी झाले. जशी होती तशी सांगते.

इकडे तेलंगणात, गुडीहत्नूरला मोठ्या रस्त्याच्या कडेला माझं चहा-भज्याचं हॉटेल आहे. त्याला लागून तिचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे टायरांच्या उतरंडी, आणि दोरीला टांगलेली चकचकीत चाकं. गाडीचं साधं लोखंडी चाक काढून हौशी लोक नक्षीचं चाक बसवतात ना, ती. त्यांना ती मॅगव्हील म्हणायची. कोणाची गाडी ठोकलेली, कोणी विकलेली, कोणाची हौस फिटलेली. तिथून काढलेली चाकं आणि टायरं शेवंताबाईकडे यायची आणि तिच्याकडून दुसऱ्या हौशी माणसाकडे जायची. नवीन माल तिने कधी ठेवला नाही. नव्याला काय बोलायचं, म्हणायची. ते तर अजून कुठे गेलंच नाही.

नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं. तो प्यायचा. पिऊन मेला आणि मागे एक पोरगी, एक हवेचं यंत्र आणि कोणाला नको असलेल्या टायरांचा ढीग ठेवून गेला. दिराने म्हटलं, ढीग भंगारात दे आणि कापूस वेचायला चल. शेवंताबाईची आई, आजी, सगळ्या दुसऱ्याच्या रानात वाकून मेल्या होत्या. ती म्हणाली, मी नाही वाकत. आणि त्या ढिगावर जाऊन बसली. बसली ती बसलीच. पुढे चांगली खुर्ची आणली तरी गिऱ्हाईक आलं की ती टायरांच्या थप्पीवरच बसायची, पाय खाली सोडून, तंबाखू मळत. अंगाने अशी की थप्पीतलं सगळ्यात वरचं टायर तीच वाटायची. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, तू तर टूब आहेस, मथुरे, नुसती हवा.

टायरं चढवायला-उतरवायला लिंगन्ना होता. तो दिवसभर एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या वाटचंही तीच बोलायची. तिच्या तीन भाषा होत्या. खोटं हिंदीत बोलायची, भाव तेलुगूत करायची आणि शिव्या मराठीत द्यायची.

खोटं एकच असायचं. कुठलंही टायर घ्या, ते डॉक्टरच्या गाडीचं. डाक्टर साब की गाडी का है, घर से दवाखाना, दवाखाने से घर, बस. मी एकदा विचारलं, शेवंते, आपल्या जिल्ह्यात इतके डॉक्टर हायेत काय? ती म्हणाली, हायेत ना. पण त्यायले कोणी बोलवत नाही, म्हणून तं टायरं घासत नाहीत.

एका गोष्टीत मात्र ती खोटं बोलायची नाही. मॅगव्हीलला तडा गेला की कारागीर वरून डाग देऊन, घासून असा चोपडा करतात की डोळ्याला दिसत नाही. शेवंताबाई चाक विकत घेताना ते मांडीवर घ्यायची आणि बोटाच्या पेरांनी वाजवायची. आपण बाजारात माठ घेताना वाजवतो अगदी तसं. टणटण वाजलं तर साबूत, बद्द वाजलं तर डाग दिलेलं. कधी कधी चुकायचीही. चांगल्या टणटणलेल्या चाकाचे लिंगन्नाच्या हातात दोन तुकडे झालेले मी पाहिले आहेत. तेव्हा ती लिंगन्नावर ओरडली होती. पण डागाचं चाक सापडलं की त्याच्या आतल्या बाजूला ती तांबड्या रंगाचं बोट ओढायची आणि गिऱ्हाइकाला आधी ते दाखवायची. घ्यायचं तर घे. फुटलेलं सांगून विकावं, लपवलं तर चाक स्वतः रस्त्यात सांगते, असं तिचं म्हणणं होतं.

आणि गिऱ्हाइकाला किती विचारायची! गाडी कोण चालवतो? पितो काय? रस्ता डांबरी की मातीचा? मागे माणसं बसतात की कापसाच्या गाठी? लोक वैतागायचे. म्हणायचे, बाई, चाक विकून राह्यली की पोरगी देऊन राह्यली? ती म्हणायची, पोरगी परत येते, चाक येत नाही.

भीमपूरकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या साली त्याचा कापूस चांगला झाला होता. त्याच्या बैलगाडीला रबरी टायरं होतीच. त्याच्या मनात आलं, त्यांच्या आत मॅगव्हील लावावं आणि जत्रेला सगळ्यांच्या पुढे जावं. दुसऱ्या कोणी त्याला हसून वाटेला लावलं असतं. शेवंताबाईने त्याच्या बैलांची नावं विचारली, वय विचारलं, आणि आरशासारखी दोन चाकं काढून दिली. गाडी खरोखर नवरदेवासारखी निघाली. पण ऊन वर आलं तसं चाकांवरून उजेड फिरायला लागला आणि मागच्या गाडीच्या बैलांच्या डोळ्यात भाल्यासारखा शिरायला लागला. मागचे बैल उधळले, त्यांच्या मागचे उधळले, आणि अर्धी जत्रा तुरीच्या रानात शिरली. दुसऱ्या दिवशी तो माणूस चाकं परत घेऊन दुकानावर आला. चाकं तिच्या पुढ्यात आपटली.

शेवंताबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाक चमकते म्हणून वापस करून राह्यला? मंग शेण लाव त्याले."

आणि त्याने लावलं. अजून लावतो. इतकी महाग चाकं आणि त्यांना दर आठवड्याला शेणाचा पोतेरा. विकायला तयार नाही, म्हणतो, आतून चांगली आहेत.

आता तिच्या पोरीचं सांगते, कारण शेवंताबाई कशी होती ते त्यातच आहे.

सुनंदा तिची एकुलती एक. शिकली, मंडळाच्या म्हणजे तहसिलीच्या ऑफिसात कारकून लागली. नाकीडोळी नीट, बोलायला आईसारखी पण हळू आवाजात. स्थळं यायला लागली. दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या. पाहुणे गाडीने यायचे, गाडी दुकानापुढे लावायचे आणि आत जायचे. आत माझा चहा जायचा. आणि शेवंताबाई? ती बाहेर. पाहुण्यांना जयभीम केला, बसा म्हटलं, की ही पाणी आणते सांगून बाहेर यायची आणि त्यांच्या गाडीभोवती फिरायची. वाकून टायर पाहायची, अंगठा दाबायची, नखाने खरवडायची. टायर आणि माणूस खालून पाहावा, हे तिचं आवडतं वाक्य. वरून काय, वरून सगळेच रंगवतात.

पहिलं स्थळ आदिलाबादचं, ठेकेदाराचं पोरगं. चारही टायरं चार जातींची निघाली. घरात नेम नाही, म्हणाली. गेलं.

दुसरा मुलगा चावी बोटावर फिरवत उतरला होता आणि गाडी आपली म्हणून सांगत होता. शेवंताबाईने मागचं चाक वाजवलं, आतल्या बाजूला वाकून पाहिलं. तिच्याच हातचं तांबडं बोट होतं. ते चाक तिने निर्मलच्या एका किराणावाल्याला दिलेलं. आत जाऊन तिने फक्त एवढंच विचारलं, किराणावाले बरे हायेत ना, गाडी कदी वापस पाहिजे त्यायले? मुलाच्या बापाचा चहा अंगावर सांडला. माझी बशीही फुटली. त्या वेळी मीही हसले. बरोबरच होतं तिचं.

तिसरा मात्र चांगला होता. शाळेत मास्तर, गोड बोलणारा, सुनंदाला आवडलेला. मी चहा देताना तिचा चेहरा पाहिला होता. शेवंताबाई बाहेरून आली ती तोंड पाडून. टायरं मधोमध घासलेली. म्हणजे हा माणूस हवा जास्त भरतो. म्हणजे फुगीर. म्हणजे नको.

मी म्हटलं, अगं, हवा पंपावरच्या माणसाने भरली असेल. ती म्हणाली, तो पाहत नाही काय मग? जो आपल्या गाडीची हवा पाहत नाही तो बायकोला काय पाहील? तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. त्या मास्तराला नकार गेला. पुढे त्याचं लग्न झालं. संसार चांगला चाललाय असं ऐकलं, आणि हे मी शेवंताबाईला मुद्दाम सांगितलं.

सुनंदा आईशी बोलेनाशी झाली. सकाळी ऑफिसला जाताना डबा घ्यायची नाही, माझ्याकडे भजी खाऊन जायची. पोरगी तिशीला आलेली. एक दिवस माझ्याच बाकावर बसून तिने आईला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं.

"माय, आता एक येऊन राह्यलं नेरडीगोंड्याहून. तू गाडीजवळ गेली, तं मी हैदराबादेची बदली मागतो. एकटी राहीन. मंग तू अन् तुये टायर."

शेवंताबाईने मळलेली तंबाखू तशीच खाली टाकली. पोरगी बोलली ते करणारी होती, हे तिला ठाऊक होतं. आईचीच ना. आणि सुनंदा गेली असती तर त्या दोन खोल्यांमध्ये हिला होतं कोण? लिंगन्ना तर बोलतच नव्हता.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून ती माझ्या हॉटेलात, रस्त्याकडे पाठ करून बसली. मी भजी तळत होते. विचारत होती, आली काय गाडी? मी म्हणायचे, नाही. कोणती असंल? मला काय माहीत. बसायची परत. तंबाखू मळून मळून पार पीठ झालं. शपथ घेतलेल्या दारुड्यासारखी तिची अवस्था होती.

मग रस्त्यापलीकडे बस थांबली आणि तिच्यातून तिघं उतरले. म्हातारा, म्हातारी आणि पांढऱ्या सदऱ्यातला मुलगा. रस्ता ओलांडून सरळ दुकानाकडे आले.

शेवंताबाईने मान वळवून पाहिलं. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. गाडी नव्हतीच. तिला बरं वाटायला हवं होतं, पण नाही. बाजारात पिशवी हरवलेल्या बाईसारखी उभी राहिली. मला हळूच म्हणाली, "मथुरे, आता मी पाहू काय वो?" मी म्हटलं, पोराचं तोंड पाह्य. ती म्हणाली, तोंडातलं मले काई समजत नाही.

आम्ही दोघी मागे गेलो. मी चहाची किटली घेऊन आत गेले. मुलगा पलंगाच्या कडेला बसला होता, सुनंदा समोर. प्रशांत नाव. पोस्टात होता. त्याची आई बोलायला भारी, थांबतच नव्हती. पोरगा असा, पोरगा तसा. मी कप भरत होते आणि माझ्या ध्यानात आलं की शेवंताबाई अजून आत आली नाही.

दारात चपला होत्या.

मी डोकावले तर ही उंबऱ्यापलीकडे उकिडवी बसलेली. मुलाच्या चपलांचा जोड उलटा करून मांडीवर घेतलेला. उजवी चप्पल साधी, सारखी घासलेली. डाव्या चपलेला खालून जाड रबराचा थर ठोकलेला, बोटभर उंचीचा, आणि तो थर एका कडेने पार उतरलेला. ती नखाने खरवडत होती. मी डोळ्यांनी खूण केली की ठेव खाली. पण ती कुठली ठेवते. तशीच उठली आणि डावी चप्पल हातात घेऊन दारात उभी राहिली.

आपल्याकडे बाई हातात चप्पल घेऊन उभी राहिली तर त्याचा एकच अर्थ होतो. मुलाचा बाप पलंगावरून उठून भिंतीला जाऊन लागला. आईचं बोलणं एकदाचं थांबलं. सुनंदाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता उठेल आणि बदलीचा अर्ज लिहायला बसेल.

"कोणता पाय?" शेवंताबाईने विचारलं.

मुलाची आई म्हणाली, काई नाही वो इनबाई, जरासं चालता चालता लागलं असंल. मुलाने तिला हाताने थांबवलं.

"डावा. आखूड हाय," तो म्हणाला. "लहान असताना कापसाच्या गाडीवरून पडलो. हाड वाकडं बसलं. मी म्हणलं होतं पयलेच सांगा. हे म्हणे, पसंती होऊ दे, मंग सांगू."

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. मी किटली धरून उभी. सुनंदा त्या मुलाकडे पाहत होती. आतापर्यंत तिने त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, आता पाहत होती.

"हे रबर कोन लावलं?" शेवंताबाई.

"मीच."

"कायचं?"

"मोटारसायकलच्या टायरचं. जुन्या."

"मागच्या की पुढच्या?"

"मागच्या."

"खिळे आतून वाकवले नाहीस तू. टोचत असतील."

"टोचतात," तो म्हणाला.

ती चप्पल घेऊन दुकानात निघून गेली. थोड्या वेळाने ठोकण्याचा आवाज यायला लागला. मी चहा वाटून टाकला, नाहीतर गार झाला असता. मग सुनंदानेच विचारलं, पोस्टात जिने चढावे लागतात काय? तो म्हणाला, लागतात, पण सायकल चांगली चालवतो, सायकलवर पाय सारखेच. ती हसली. त्यानेही तिच्या ऑफिसचं विचारलं. म्हातारा परत पलंगावर बसला. बाहेर शेवंताबाई ठोकत होती आणि आत ते दोघं बोलत होते, आणि ठोकणं काही संपत नव्हतं. एका चपलेला इतका वेळ लागत नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. चप्पल कधीच तयार होऊन बाजूला ठेवलेली. कारच्या टायरचा चांगला तुकडा कापून लावलेला, कड गोल केलेली, खिळे वाकवलेले. आणि ही बाई रिकाम्या लोखंडी चाकावर हातोडी मारत बसली होती.

मी म्हटलं, काय करून राह्यली वो? ती म्हणाली, "बोलू दे त्यायले."

ती आत आली तेव्हा सुनंदा म्हणाली, माय, मले पसंत हाय. शेवंताबाईने चप्पल मुलाच्या पायाशी ठेवली आणि म्हाताऱ्या व्याह्याकडे वळून म्हणाली, इवाई, तुमी लपवायचं होतं तं चपला घालूनच आत यायचं ना. मग सगळेच हसले. म्हातारा सगळ्यात जास्त.

लग्न विहारात झालं. साधंच. लिंगन्ना नवा शर्ट घालून आला आणि जेवताना दोन वाक्यं बोलला, म्हणजे खरं लग्न झाल्याची खात्री पटली.

त्यानंतर शेवंताबाई कुठल्याही गाडीचं चाक पाहून माणसाबद्दल बोलली नाही असं नाही. बोलायचीच. पण जावयाबद्दल कधी नाही. मी खोदून विचारलं तरी नाही. मग तिचे गुडघे गेले. थप्पीवर चढता येईना, खुर्चीवर बसून धंदा करण्यात तिला चव नव्हती. सुनंदाने हट्ट धरला की आता आमच्याकडे चल. निजामाबादचा एक माणूस सगळा माल उचलून घेऊन गेला. लिंगन्ना त्याच्याबरोबर गेला.

तिला न्यायला प्रशांत गाडी घेऊन आला. जुनी, नुकतीच घेतलेली, पांढरी. टायरं अशी काळीभोर की आताच कारखान्यातून आली असावीत. मी उगाच इतकी वर्षं तिच्या शेजारी राहिले नाही. मला कळलं की पोराने सासूच्या धाकाने टायरांना पॉलिश मारलं आहे. तो सारखा तिच्याकडे आणि चाकांकडे पाहत होता. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

शेवंताबाई गाडीला धरून धरून पुढच्या दारापर्यंत गेली. गुडघ्यांमुळे दर पावलाला थांबावं लागत होतं. पुढच्या चाकापाशी ती जरा जास्त थांबली, लुगड्याचा काठ सावरायला वाकली, मग पुढे बसली. गाडीबद्दल एक अक्षर बोलली नाही. प्रशांतचा जीव भांड्यात पडला. सुनंदा मागे बसली. मी खिडकीशी गेले. आम्ही काही रडणाऱ्या बायका नाही. तिने हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. तिचा अंगठा पॉलिशने काळा झाला होता.

"जावई," ती म्हणाली, "हळूच घ्या. अन् वाटेत इच्चोड्यात थांबा, पंपाच्या बाजूले. चहा घेऊ."

सुनंदा म्हणाली, माय, आत्ताच तं घेतला मथुरामावशीकडे.

"तिचा चहा पानचट असते," शेवंताबाई म्हणाली. "मी इतके दिवस काई बोलली नाही."

गाडी गेली. मी तिला पाहिलं ते शेवटचं. इच्चोड्यात पंपाच्या बाजूला चहा मिळत नाही. तिथे टायरचं दुकान आहे.

आणि माझा चहा पानचट नाही.